वीस पौंड

खिसे रिकामे करा, म्हणाली.
केले. रुमाल, किल्ली, मोबाइल,
आणि अकरा महिने रिकामी असून
सोबत फिरणारी चुन्याची डबी.
डोक्याला तेल? लावलं होतं.
मग धंतोलीतल्या त्या तळमजल्याच्या मोरीत
साबणानं दोनदा धुवायला लावलं.
हळदीच्या दिवसानंतर
मी इतका स्वच्छ कधी झालो नव्हतो.

सुती झगा. घड्याळ नाही.
ठिणगी पडेल असं काहीच अंगावर नको.
"आत नुसता ऑक्सिजन असते, काका."
तेजस्विनी ठवरे. नाव बिल्ल्यावर होतं,
वय माझ्या दुकानातल्या कॉम्प्रेसरएवढं.

पारदर्शक नळी. माणूस आडवा मावेल,
कूस बदलणार नाही, एवढी.
सरकत्या फळीवरून ढकललं आत.
झाकण लागलं, फिरकी आवळली.
ते आवळणं मी ओळखलं.

इंदोऱ्याच्या चौकात बत्तीस वर्षं हवा भरली मी.
रिक्षात, लुनात, शववाहिकेत,
एकदा वरात थांबवून नवरदेवाच्या जीपमध्ये.
पंक्चरचे पैसे घेतले. हवेचे नाही.
हवेचे काय घ्यायचे.

"किती भरणार?" आतून विचारलं.
माझं बोलणं आता गालातच अडतं,
तिला दोनदा सांगावं लागलं.
तिनं तिच्या भाषेतला आकडा दिला,
मी मनात पौंड केले.
वीस.
स्कूटरचं पुढचं चाक.
"मे महिना आहे," मी म्हटलं, "दोन कमी भरा."
उन्हात टायर फुटतात, नागपुरात पोरासोरांना ठाऊक आहे.
तिला वाटलं मी भ्यालो.
भ्यालोही होतो.

मग सूं करत आली, आणि तापली.
पंप मारला की नळी तापते, तशी.
कान दडपले, दोन्हीकडून कुणी अंगठे रोवावेत तसे.
स्पीकरमधून: "जांभई द्या काका, मोठी!"

बाई, माझं तोंड दोन बोटं उघडतं.
वीस वर्षं सकाळ-संध्याकाळ खर्रा,
मग गाठ, मग तेहतीस शेक.
गाठ गेली. शेकानं जबड्याचं हाड मेलं,
आणि मेल्या हाडापर्यंत रक्त पोचत नाही
म्हणून ही हवा. दाबून. तिथवर.

"जमत नसंल तं थुंकी गिळा."
आयुष्यभर थुंकलो मी.
दुकानामागची भिंत अजून लाल आहे.
गिळली.
टच्.
उजवा उघडला. डावा अडून बसला,
गाठीच्या बाजूचा.
तिनं काटा तिथंच धरला, घाई केली नाही.
चांगला कारागीर थांबतो, तशी थांबली.

पुढं दीड तास काही नाही.
छताला बंद पंखा. काचेत माझं नाक, भलतंच मोठं.
दुकानात ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवून
फिरवत राहायचो, बुडबुडा येईस्तोवर.
इथं घमेलं नव्हतं,
तरी मी वाट पाहत होतो:
गालाच्या आत जिथं हाड जिभेला लागतं
तिथून काही निसटतंय का.
निसटत नव्हतं.
किंवा मला कळत नव्हतं.

बाहेर खुर्चीवर वनमाला.
काचेवर टकटक करायची मनाई,
म्हणून नुसता पदर हलवून
वारा घालत होती,
मला.

उतरताना काचेवर धुकं. थंडी वाजली,
व्हॉल्व्ह दाबला की बोटाला लागते ती.
काउंटरवर पावती: बैठक एक.
अजून एकोणचाळीस.
रक्कम वनमालानं अंगठ्याखाली झाकली.
मी वाचली तरी.
हवेचे.

पार्किंगमध्ये एक पोरगा स्कूटर काढत होता.
पुढचं चाक बसलेलं, रिम टेकायला आलेली.
सांगितलं त्याला. "काय म्हणता काका?"
पुन्हा सांगितलं. तो वनमालाकडं बघायला लागला.
मग हातानं दाखवलं.
दोन बोटं.
मग मूठ.